विषय : अनारशांच्या कडकपणाबाबत (गोपनीय)

भागवतराव वाशिमच्या सायबर प्रशिक्षणाला गेले ते ज्ञान मिळवायला नव्हे, जेवायला. हे असं तोंडावर सांगितलेलं त्यांना आवडणार नाही, पण आपण का खोटं बोलावं? कार्यालयात पत्र आलं, 'एक कर्मचारी प्रशिक्षणास पाठवावा', आणि पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात होतं, 'दुपारच्या भोजनाची व्यवस्था करण्यात आली आहे.' साहेबांनी पत्र वाचून मान वर केली तेव्हा भागवतरावांचा हात आधीच वर होता.

तालुक्याच्या एका कार्यालयात ते वरिष्ठ लिपिक. नोकरीला एकोणीस वर्षं झालेली, राहणं कामरगावला, जाणं-येणं एसटीनं आणि एसटी नाही आली तर मिळेल त्या जीपला लटकून. माणूस स्वभावानं अगदी गाय, पण एका बाबतीत यमदूत. अर्जावर 'विषय' पाहिजे. मायना चुकला चालेल, तारीख राहिली चालेल, सही करायला विसरला तर ते हाक मारून सही घेतील. पण 'विषय' नाही म्हणजे अर्ज परत. कोणी बिचारा काकुळतीला येऊन म्हणायचा, "साहेब, खाली लिव्हलं ना सारं." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "खालचं कोन वाचते? विषय असा पायजे, का खालचं कोनं वाचलंच नाही तरी सारं समजलं पायजे!" नवी कनिष्ठ लिपिक सुकेशनी रुजू झाली तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी तिला हा मंत्र दिला, आणि सोबत एक शिक्काही बनवून दिला : 'विषय नमूद नाही. परत.'

तर प्रशिक्षण. शिकवणाऱ्या मॅडम मोठ्या तडफेच्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही चार-पाच जण मिळून मेलवर जे बोलता ना, ते पोस्टकार्ड आहे. वाटेत ज्याच्या हाती पडेल तो वाचेल. त्याला कुलूप लावायला शिका." मग त्यांनी समजावून सांगितलं. प्रत्येकाकडे किल्ल्यांची जोडी. एक लावायची, ती सगळ्यांना वाटून टाकायची. दुसरी उघडायची, ती मात्र फक्त आपल्याजवळ. ग्रुपमध्ये तिघं असले तर मेल तिघांच्या किल्ल्यांनी बंद होऊन जातं, आणि मधल्या कोणी डोकावलं तर त्याला नुसती अगम्य अक्षरं दिसतात.

भागवतरावांच्या अंगावर काटा आला. एकोणीस वर्षं ते लिफाफ्यांवर 'गोपनीय' असा लाल शिक्का मारत होते, आणि एकोणीस वर्षं शिपाई तोच लिफाफा चहाच्या टपरीवर वाचून दाखवत होता. (लाल शिक्का नसलेले लिफाफे तो उघडायचा नाही. वेळ कोणाला आहे?) जगात खरी गोपनीयता असू शकते, हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं.

"आता शेवटचा आणि सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा," मॅडम म्हणाल्या, आणि नेमकं त्याच वेळी मागच्या दारातून वांग्याच्या भाजीचा आणि ताज्या बुंदीचा वास आला. भागवतराव मागच्याच रांगेत होते. शेवटचा मुद्दा सुरू झाला तेव्हा ताट घेऊन उभे राहिलेले ते पहिले प्रशिक्षणार्थी. मुद्दा काय होता हे त्यांनी नंतर कोणाला विचारलं नाही. बुंदी मात्र दोनदा मागून घेतली.

आता तुम्ही म्हणाल, या गायीसारख्या माणसाकडे लपवण्यासारखं असं काय होतं? होतं. अनारसे.

यंदा धोंड्याचा महिना आला होता. दर तीन वर्षांनी हा जास्तीचा महिना येतो आणि जावई माणसाला सासरी बोलावून, पुरणाचे धोंडे जेवू घालून, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे आणि दिवा देतात. भागवतरावांची सासुरवाडी धनजची. सासरे दौलतराव, सासू कस्तुराबाई, मुली तीन : थोरली वैभवी भागवतरावांना दिलेली, मधली निता आसेगावच्या नवीनला (त्याचं खत-बियाण्यांचं दुकान आहे), आणि धाकटी पौर्णिमा बबलूला. बबलू स्वतःची जीप कामरगाव-कारंजा रस्त्यावर चालवतो. अशी ही तीन मुलींची, तीन जावयांची भरली सासुरवाडी. आणि त्या सासुरवाडीत दगडाला लाजवतील असे अनारसे.

याचं मूळ अकरा वर्षांमागं आहे, आणि ते फक्त भागवतरावांना माहीत होतं. लग्नानंतरचा त्यांचा पहिला धोंडा. कस्तुराबाईंनी ताट पुढं ठेवलं. भागवतरावांनी अनारसा तोंडात घातला, चावला, आणि चावला गेला तो अनारसा नव्हता. डोळ्यांत पाणी आलं. समोर सासूबाई पदर चाचपत उभ्या, चेहरा रडवेला झालेला. भागवतराव चौथीत असताना त्यांची आई गेली होती. तेव्हापासून त्यांच्यासमोर असं उभं राहून 'कसं झालं' म्हणून विचारणारं कोणी नव्हतं. त्यांच्यानं राहवलं नाही. गाल धरून म्हणाले, "आई, माझ्या मायच्या हातचे अगदी असेच व्हायचे."

झालं! कस्तुराबाईंच्या डोळ्यांना धार लागली. त्या दिवसापासून दर धोंड्याला, आणि दर दिवाळीला वर आणखी, तसेच अनारसे. मधला एक धोंडा करोनात आला. रस्ते बंद, गाड्या बंद. भागवतरावांना वाटलं, यंदा सुटलो. तर दुधाच्या गाडीतून डबा आला. आणि जावयाजावयांत दुजाभाव नको म्हणून नवीनलाही तसेच, बबलूलाही तसेच. मागच्या धोंड्यात नवीनच्या दाढेचं चांदीचं टोपण निघून अनारशातच राहिलं. त्यानं ते शोधायला अनारसा फोडून पाहिला, फुटला नाही.

म्हणून यंदा तिन्ही साडभावांनी मिळून काहीतरी ठरवणं भाग होतं. आणि ते सासूबाईंच्या कानावर जाता कामा नये, ही भागवतरावांची अट होती. नवीन-बबलूला वाटे, थोरले भाऊ रीतभात पाळतात. खरं कारण निराळं होतं. त्या एका वाक्यावर कस्तुराबाईंनी त्यांना जावई न मानता मुलगा मानलं होतं. ते वाक्य खोटं होतं हे कळलं तर बाईच्या मनाला काय वाटेल? जगात त्यांना 'जेवले का?' म्हणून विचारणारं दुसरं माणूस बायको, आणि तीही चिडलेली नसेल तरच.

व्हॉट्सअ‍ॅपवर बोलायची सोय नव्हती. घरातला कोणीही फोन उचलतो आणि वरचा मजकूर मोठ्यानं वाचतो. मेल मात्र कोणी पाहत नाही. तिथं बँकेवाले कर्ज द्यायला येतात तेवढेच. तेव्हा मेलचा ग्रुप, आणि त्याला मॅडमनी शिकवलेलं कुलूप. भागवतराव रविवारी आसेगावला गेले आणि नवीनच्या दुकानात खताच्या पोत्यांवर बसून, मॅडमनी वाटलेल्या कागदावरच्या पायऱ्या बोटानं मोजत, तिघांच्या फोनवर सगळं बसवून दिलं.

"आता आपापली उघडायची किल्ली एका वाक्यानं बंद करा लागते," भागवतराव म्हणाले. "वाक्य असं पायजे का दुनियेत कोनाले सुचलं नाही पायजे."

"जसं?" बबलूनं विचारलं.

"जसं माझं. 'सासूबाईंचे अनारसे लोण्यासारखे मऊ असतात.'"

नवीन पोत्यावरून घसरला. "भाऊ, हे तर ब्रह्मदेवालेही सुचनार नाही!"

(आपलं गुप्त वाक्य असं कोणाला सांगायचं नसतं, हे कागदाच्या दुसऱ्या पानावर होतं. दुसऱ्या पानावर भागवतरावांनी बुंदी ठेवली होती.)

पहिल्या पानावर मात्र स्पष्ट लिहिलं होतं, 'वाक्य लिहून ठेवायचेच असल्यास घरातील सर्वांत सुरक्षित जागी ठेवावे.' घरातली सर्वांत सुरक्षित जागा कोणती, याबद्दल वऱ्हाडातल्या कोणत्याही नवऱ्याच्या मनात शंका नसते. सातबारा, विम्याचा कागद, पोरांचे जन्माचे दाखले जिथं असतात तीच. भागवतरावांनी वाक्य कागदावर लिहिलं, लिफाफ्यात घातलं, लाखेचं सील केलं, सीलवर आडवी सही ठोकली आणि लिफाफा वैभवीच्या हाती दिला.

"हे काय होय?"

"कार्यालयीन. पेटीत ठेव, साड्यायच्या खाली. अन् उघडू नको."

"मले कायले पायजे तुमचं कार्यालयीन?" म्हणून वैभवीनं लिफाफा पेटीत टाकला आणि कुकरकडे गेली. जाता जाता तिचा फोन वाजला. तो फोन नवा होता. दिवाळीला भागवतरावांनीच घेऊन दिला होता आणि स्वतःच्याच मेल-आयडीवर चालू करून दिला होता. नवीन आयडी काढा, त्याचा पासवर्ड लक्षात ठेवा, एवढा उपद्व्याप कोण करतो?

पत्रव्यवहार सुरू झाला. आता माणूस एकोणीस वर्षं ज्या वळणानं लिहीत आला, त्या वळणानंच लिहिणार. पहिलं मेल असं गेलं :

'विषय : सौ. सासूबाई यांनी दिलेल्या अनारशांच्या कडकपणामुळे जावयांच्या दातांना होत असलेल्या इजेबाबत (गोपनीय).'

आणि खाली कुलपात, तिहेरी कुलपात, एवढंच होतं : 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपले अभिप्राय तात्काळ कळवावेत. आपला विश्वासू, भागवत.'

नवीनचा अभिप्राय आला, की अनारसे खिशात घालून आणावेत आणि बबलूच्या जीपच्या चाकाला अटकाव म्हणून वापरावेत. बबलूनं कुलूप न लावताच लिहिलं, 'मी तयार.' भागवतरावांनी त्याला फोन करून झापलं.

"अबे, कुलूप लावून पाठव ना! अन् माझं मेल उघडून वाचलं का तू?"

मागं इंजिनाचा आवाज, कोंबड्यांचा आवाज, जीपमधल्या पंधरा-सोळा माणसांचा आवाज. "भाऊ, उघडाची गरजच पडत नाही. तुमचं लेखनच असं हाये, का वरूनच सारं समजते!"

भागवतरावांची छाती दोन इंच फुगली. एकोणीस वर्षांत साहेबांनी असं कधी म्हटलं नव्हतं. पोरगा हुशार आहे, ड्रायव्हरकीत उगाच अडकला, असं ते त्या रात्री जेवताना वैभवीला बोललेही. वैभवीनं "हाव ना" म्हटलं आणि तोंडाला पदर लावला.

मग एकामागून एक विषय सुटले. 'विषय : अनारसे कुत्र्यास घालून पाहिले असता कुत्र्याने नाकारल्याबाबत.' 'विषय : श्री. नवीन यांच्या दाढेच्या टोपणाबाबत (स्मरणपत्र क्र. २).' आणि शेवटी, चार दिवसांच्या खलबतानंतर, अंतिम निर्णय : 'विषय : धोंडे जेवणाच्या दिवशी तिन्ही जावयांना एकाच वेळी साखरेचा आजार उद्भवणेबाबत.' खाली कुलपात : 'उपरोक्त विषयास अनुसरून मान्यता देण्यात येत आहे.'

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा घोट घेतला आणि भागवतरावांनी कप खाली ठेवला.

"वैभवी, चाहात साखर नाही?"

"नाही."

"काहून?"

"असंच. तुमाले पुढं कामी पडन."

वैभवी अंघोळीला गेली तसे भागवतराव पेटीवर झेपावले. सगळ्या साड्या उपसल्या. लिफाफा होता. लाख शाबूत, सील शाबूत, सही शाबूत. उजेडात धरून पाहिला, वास घेऊन पाहिला. कोणी हात लावला नव्हता. ते समाधानानं खाली बसले आणि साड्यांच्या घड्या घालू लागले, त्या काही जमल्या नाहीत. अंघोळ करून आलेल्या वैभवीनं दारातून पाहिलं, एक शब्द बोलली नाही, आणि हे मात्र भागवतरावांना खटकायला हवं होतं.

त्या आठवड्यात निताचा फोन आला. "भाऊजी, दात कसे हायेत?" भागवतराव म्हणाले, बरे आहेत. ठेवता ठेवता त्यांना वाटलं, मेहुणी किती काळजी करते.

धोंडे जेवणाचा दिवस ठरला तो ऐन नवतप्यातला, वर्षातल्या सर्वांत जाळत्या नऊ दिवसांतला. धनजला पोचेपर्यंत बबलूच्या जीपची सीट तव्यासारखी झाली होती. ओसरीत कूलर लावलेला, त्यापुढं दौलतराव बाजेवर बसलेले. जावयांचे हे मामाजी मुळात कमी बोलतात. त्यांनी तिन्ही जावयांना आळीपाळीनं पाहिलं.

"साखर झाली म्हंते तुमाले."

"हाव मामाजी," भागवतराव चेहरा पाडून म्हणाले. "रिपोर्ट आला."

"तिघायले?"

"हाव."

"एकाच दिवशी?"

"वातावरनच तसं हाये मामाजी," बबलू म्हणाला. दौलतरावांनी मान डोलावली आणि कूलरमध्ये पाणी घालायला उठले.

पाट मांडले, रांगोळ्या काढल्या. तिघं ओळीनं बसले. भागवतरावांच्या मनावरचं ओझं उतरलं होतं. कोणाचं मन दुखावलं नाही, कोणाचा दात पडला नाही, आणि सगळं कुलपात. कस्तुराबाई आल्या आणि त्यांनी तिघांच्या ताटात वाढलं : ज्वारीची भाकर, कारल्याची भाजी, मेथीचं वरण. धोंडे नाहीत, पुरण नाही. तूपसुद्धा नखाएवढं.

"आई, हे..."

"पथ्य, जवाईबापू. जीव हाये तं सारं हाये."

भागवतरावांनी कारल्याचा घास गिळला. आणि मग आतून वैभवी, निता, पौर्णिमा, पोरंसोरं, सगळा घोळका परात घेऊन आला आणि समोरच जेवायला बसला. परातीत धोंडे, वर तुपाची धार, आणि बाजूला अनारशांची चवड. सोनेरी, जाळीदार, खसखस लावलेले. पौर्णिमानं एक उचलला तर तो तिच्या बोटांत नुसत्या स्पर्शानं मोडला.

नवीनचा आ वासला तो मिटेना. बबलू म्हणाला, "हे कोनी केले?"

"मायनं," निता म्हणाली. "लय मऊ झाले यंदा. तुमाले नाही देता येत ना! साखर!" आणि तिन्ही बहिणी अशा हसल्या, की एका पोराच्या हातातला अनारसाच खाली पडला.

भागवतरावांना आता कळून चुकलं. पण बाबू माणूस. पुराव्याशिवाय कबूल कसा करील? "वैभवी, तू माझं मेल वाचलं!"

"छे वो!"

"मंग समजलं कसं? कुलूप होतं त्याले! मधातला कोनी वाचूच शकत नाही. सील पाह्यलं म्या, शाबूत होतं!"

वैभवीनं कमरेचा फोन काढला आणि त्यांच्या ताटापाशी धरला. पडद्यावर ओळीनं सगळे विषय. कडकपणाबाबत. कुत्र्याने नाकारल्याबाबत. टोपणाबाबत. आजार उद्भवणेबाबत. "खालचं नाही वाचलं म्या, देवाशपथ. खाली नुसते किडेमकोडे हायेत. पन तुमी तं सारं वरच लिवून राह्यले! आमी तिघी रोज दुपारी फोनवर वाट पाहो, आज कोनता विषय येते म्हनून."

भागवतरावांच्या डोळ्यांसमोर वाशिमचं ते सभागृह आलं, पडद्यावरचा शेवटचा मुद्दा आला, आणि त्या मुद्द्यापासून दूर चाललेली स्वतःची पाठ दिसली. विषयाला कुलूप लागत नसतं. हे एवढंच असणार ते.

पण खरा घाव निराळाच होता. त्यांनी हळूच वर पाहिलं. कस्तुराबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. भागवतरावांनी ताट सरकवलं.

"आई, तुमालेही वाचून दाखवलं?"

"हाव ना. कुत्र्याचं दोनदा वाचाले लावलं."

"आई, मी खोटं बोललो होतो," भागवतराव म्हणाले. "त्या पह्यल्या धोंड्याले. मायच्या हातचे असेच होत म्हटलं, ते खोटं होतं. मायच्या हातचं मले काहीच याद नाही. अनारसे नाही, भाकर नाही, काहीच नाही. तुमी समोर उभ्या होत्या म्हनून बोलून गेलो."

कस्तुराबाई खाली बसल्या. हसू लागल्या, मग डोळे पुसू लागल्या, मग पुन्हा हसू लागल्या.

"अवो जवाईबापू! त्या दिवशी ते बिघडलेच होते. गूळ कमी पडला. मी तं सारा घाणा गाईपुढं टाकून देनार होती, तवर तुमी ताटावर बसले. अन् तुमी म्हटलं, मायच्या हातचे असेच. मंग मी काय करू? अकरा वर्सं मुद्दाम गूळ कमी घालून राह्यली मी! चांगला अनारसा बिघडवाले किती मेहनत लागते, तुमाले काय मालूम! शेजारनी मले हासतात, म्हंतात, कस्तुराले अजून अनारसे जमत नाहीत. म्हटलं हासा बाप्पा, माह्या जवायाले त्याची माय भेटते."

कस्तुराबाईंनी परातीतला एक अनारसा उचलून त्यांच्या हातावर ठेवला. "आता हे चव ध्यानात ठेवा. हे माही."

त्यांनी तो खाल्ला. जिभेवर ठेवला आणि विरघळला. डोळ्यांना पाणी लागलेलंच होतं, त्यातच ते मनापासून म्हणाले, "आई, तुमचे अनारसे लोन्यासारखे मऊ असतात!"

"भाऊ!" बबलू ओरडला. "तुमचा पासवर्ड!"

"पासवर्ड गेला चुलीत," नवीन पाटावरून उठला. त्याला आत्ता कुठं हिशेब लागला होता. "म्हंजे माही दाढ तुमच्यापायी गेली? आमी कायले खाऊन राह्यलो हे गोटे? तुमी एक शब्द खोटा बोलले म्हनून?"

दौलतराव मधे पडले म्हणून बरं. त्यांनी निवाडा दिला, आणि तो अकरा वर्षांतला त्यांचा सर्वांत मोठा संवाद होता. म्हणाले, हे सारं कळायच्या आधीच म्हातारीनं कडक अनारशांचा एक घाणा काढून ठेवला आहे, तिघांचे मिळून नव्व्याण्णव झाले आहेत, अन्न टाकून देणं आपल्या घरात होत नाही, आणि ते थोरल्यांनी न्यावेत. मऊ अनारसे नवीन आणि बबलूला द्यावेत. कस्तुराबाई "राहू द्या ना" म्हणाल्या, पण वैभवीनं तोवर डबा भरलासुद्धा होता.

परत येताना भागवतराव मांडीवर डबा घेऊन जीपमध्ये बसले होते. खड्ड्यातून जीप गेली की डब्यातून गिट्टी हलल्यासारखा आवाज यायचा. खिशातला फोन वाजला. मेल आलं होतं, त्यांच्याच आयडीवरून त्यांनाच. 'विषय : थोरले जावई यांनी रोज दोन याप्रमाणे अनारसे समक्ष खाऊन संपवणेबाबत.' खाली कुलूपबिलूप काही नव्हतं. 'उपरोक्त विषयास अनुसरून. आपली विश्वासू, वैभवी.' ती मागच्या सीटवर खिडकीबाहेर पाहत बसली होती.

त्या दिवशी त्यांनी मनाशी शपथ घेतली. या विषयानं आपला घात केला. यापुढं कोणत्याही मेलवर, कोणत्याही कागदावर आपण विषय लिहिणार नाही. जे असेल ते खाली.

शपथेची परीक्षा सातव्या अनारशाला झाली, म्हणजे चौथ्या दिवशी. सातव्याला उजवीकडची दाढ गेली. गाल हा एवढा सुजला, बोलता येईना, पाणी पिता येईना. त्यांनी पहाटेच फोनवरून कार्यालयाला रजेचा अर्ज पाठवला. खाली दाढेची सगळी हकिकत पोटतिडकीनं लिहिली, एक दिवसाची किरकोळ रजा मागितली, आणि शपथेप्रमाणे विषयाची जागा कोरी सोडली.

साडेनऊला उत्तरादाखल एक फोटो आला. अर्जाच्या छापील प्रतीवर ओळखीचा शिक्का, 'विषय नमूद नाही. परत.' आणि शिक्क्याखाली सुकेशनीचं टापटीप अक्षर : 'सर, आपण शिकवल्याप्रमाणे खालचं वाचलं नाही. अकरा वाजता हजर व्हावे.'